आरोग्यविम्याची वर्गणी आणि आपला जिल्हा

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत मजुरी, नफा, खंड आणि व्याज ह्यांची चर्चा विस्ताराने केलेली असते. परंतु मजूर आजारी पडला म्हणजे त्याच्या मजुरीचे काय होते, हा विचार त्या पुस्तकांत बहुधा एखाद्या कोपऱ्यातच आढळतो. ज्या घरात रोजच्या कामावर रोजची चूल पेटते, त्या घराच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न सर्वांत आधीचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आरोग्यविम्याची वर्गणी कशी आकारली जाते, तिचा भार खरोखर कोणावर पडतो आणि आपल्या आदिलाबाद परिसरातील कष्टकऱ्यांपर्यंत तिचा लाभ कोठवर पोहोचतो, ह्यांचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय आकड्यांचा आहे. पण आकडे साधे आहेत, आणि विद्यार्थिमित्रांनी पाटीपेन्सिल जवळ घेतल्यास ते अधिकच साधे वाटतील.

आजारपणाने घराचे नुकसान दोन बाजूंनी होते. डॉक्टर, औषध, तपासणी आणि दवाखान्यापर्यंतचा प्रवास ह्यांसाठी पैसा बाहेर जातो, ही एक बाजू. कामावर न गेल्यामुळे येणारा पैसा थांबतो, ही दुसरी. खर्च वाढला आणि त्याच वेळी आवक बंद झाली, म्हणजे बैल विकणे, दागिना गहाण टाकणे, किंवा येणाऱ्या कापसावर सावकाराकडून अथवा अडत्याकडून उचल घेणे, हेच मार्ग उरतात. दहा दिवसांचा ताप अशा रीतीने दोन वर्षांचे कर्ज होऊन बसतो. ह्या दोन्ही नुकसानांचा विचार पुढे आपल्याला वारंवार करावा लागेल. म्हणून ती दोन आहेत, एक नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विम्याचे तत्त्व

समजा, एका गावात शंभर घरे आहेत. वर्षाकाठी त्यांतील पाच घरांत मोठे आजारपण येते आणि प्रत्येक आजारपणास वीस हजार रुपये खर्च होतो. कोणती पाच घरे, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. एकूण खर्च एक लाख रुपये. तो पाच घरांनीच सोसावयाचा म्हटला तर ती पाच घरे कर्जात बुडतील. शंभर घरांनी वर्षाच्या आरंभी प्रत्येकी एक हजार रुपये एकत्र केले, तर कोणीही बुडणार नाही. विमा म्हणतात तो एवढाच.

परंतु येथे लगेच तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली ही, की धडधाकट माणूस म्हणतो, “मी का भरू?” आणि ज्याला आजाराची चाहूल लागली आहे तोच भरावयास पुढे येतो. असे झाले की वर्गणी देणारे थोडे आणि घेणारे फार होतात, आणि निधी आटतो. म्हणून बहुतेक देशांनी असा विमा सक्तीचा केला. दुसरी अडचण ही, की शंभर घरांत सधन घर आहे आणि भूमिहीन मजुराचेही आहे. दोघांनी एक एक हजारच द्यावयाचे काय? तिसरी अडचण अशी, की वर्गणी गोळा करावयाची कशी आणि कोणत्या दिवशी? महिन्याच्या ठराविक दिवशी पगार घेणाऱ्याकडून ती घेणे सोपे. ज्याच्या हाती कापूस विकल्यावरच पैसा येतो, त्याच्याकडून ती श्रावणात मागून काय उपयोग?

वर्गणीच्या चार रीती

ह्या अडचणींना निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

पहिली रीत डोईपट्टीची. म्हणजे सर्वांकडून सारखी रक्कम. इंग्लंडात १९११ च्या कायद्याने कामगाराने आठवड्यास चार पेन्स, मालकाने तीन पेन्स आणि सरकारने दोन पेन्स द्यावेत असे ठरले. हिशेब सुटसुटीत, पण ज्याचे वेतन कमी त्याला हेच चार पेन्स अधिक जड जातात, हा तिचा दोष उघड आहे.

दुसरी रीत वेतनाच्या प्रमाणात वर्गणी घेण्याची. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या काळी सक्तीचा आजारविमा सुरू झाला, तेव्हा वर्गणीचा दोन-तृतीयांश भाग कामगार देत आणि एक-तृतीयांश मालक. ह्या रीतीत जो अधिक मिळवतो तो अधिक भरतो, आणि उपचार मात्र गरजेप्रमाणे मिळतात. भारतातील राज्य कामगार विमा ह्याच जातीचा आहे.

तिसरी रीत मालावर उपकर बसविण्याची. आपल्या भागातील लोकांना ती परिचित आहे. आमच्या जंगलांतून तेंदूची पाने गोळा होतात आणि निर्मळ भागात अनेक घरांत स्त्रिया विड्या वळतात. विडी वळणारी बाई आपल्या ओसरीवर बसून काम करते. तिचा महिन्याचा पगार नाही आणि हजेरीपटही नाही. तिच्या वेतनातून वर्गणी कापणार कशी? म्हणून १९७६ च्या कायद्यांनी हजार विड्यांमागे उपकर बसवून त्यातून विडी कामगार कल्याण निधी उभारण्यात आला आणि त्या निधीतून दवाखाने चालविले गेले. वस्तु व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, हा उपकर रद्द झाला. ह्या प्रकारच्या निधीचे बळ आणि दुर्बळपण दोन्ही त्या घटनेत दिसतात: कर गोळा करणे सोपे, पण कराची व्यवस्था बदलली की निधीचा स्वतःचा झराच बंद होतो, आणि मग सरकारच्या अंदाजपत्रकाकडे पाहावे लागते.

चौथी रीत सर्वसाधारण करांची. हिच्यात लाभ घेणाऱ्याकडून वेगळी वर्गणी मागितलीच जात नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००७ साली सुरू झालेली आरोग्यश्री ही ह्या रीतीची योजना होय. गरीब कुटुंबांचा रुग्णालयातील खर्च सरकार आपल्या तिजोरीतून भरते. तेलंगण राज्यात ९ डिसेंबर २०२३ पासून कुटुंबामागे वर्षाची मर्यादा दहा लाख रुपये करण्यात आली. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षास पाच लाख रुपये ठेवण्यात आली आणि बहुतेक राज्यांत तिचा खर्च केंद्र व राज्य ह्यांनी साठास चाळीस ह्या प्रमाणात वाटून घ्यावा असे ठरले. ह्या योजना ‘फुकट’ आहेत असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाही. साबणाच्या वडीवर आणि चपलेच्या जोडावर जो कर गरीब माणूस भरतो, तोही त्याच तिजोरीत जातो. वर्गणी आहेच, फक्त तिची पावती मिळत नाही.

राज्य कामगार विम्याची रचना

आता दुसऱ्या रीतीकडे अधिक बारकाईने पाहू, कारण आपल्या देशात वर्गणीवर चालणारा सर्वांत मोठा आरोग्यविमा तोच आहे. ह्या विम्याचा पहिला आराखडा प्राध्यापक भा. पुं. आडारकर ह्यांनी तयार केला. त्यांची नेमणूक १९४३ साली झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्याकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन होऊन कानपूर व दिल्ली येथे ती प्रत्यक्ष सुरू झाली. नागपूर व मुंबई येथे ती १९५४ साली पोहोचली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

वर्गणीचा दर दीर्घकाळ वेतनाच्या साडेसहा टक्के होता: मालकाचे पावणेपाच आणि कामगाराचे पावणेदोन. १ जुलै २०१९ पासून तो एकूण चार टक्क्यांवर आणण्यात आला. मालकाचे सव्वातीन आणि कामगाराचे पाऊण टक्का. म्हणजे चार रुपयांतील सव्वातीन रुपये मालक देतो. जर्मनीच्या १८८३ च्या रचनेशी ताडून पाहिल्यास वाटा नेमका उलटा झालेला दिसेल.

बारा हजार रुपये मासिक वेतनाचा एक कामगार घेऊ. त्याचा वाटा नव्वद रुपये, मालकाचा तीनशे नव्वद. एकूण महिन्यास चारशे ऐंशी, वर्षास पाच हजार सातशे साठ. त्याच्या शेजारी वीस हजार वेतनाचा कामगार काम करीत असेल, तर त्याच्या नावाने महिन्यास आठशे रुपये भरले जातील. पण दोघांच्या मुलांना ताप आला, तर दवाखान्यात दोघांनाही औषध सारखेच. ज्याची रोजची सरासरी मजुरी फारच थोडी असते त्याच्याकडून त्याचा वाटा घेतला जात नाही. मालकाचा वाटा मात्र द्यावाच लागतो. ही सूट २०१९ साली रोजी १७६ रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

ह्या वर्गणीच्या बदल्यात काय मिळते? कामगारास व त्याच्या कुटुंबास उपचार मिळतात, हे एक. दुसरे, आजारपणात कामावर जाता आले नाही तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम रोख मिळते. बारा हजार वेतनाचा कामगार दिवसास सरासरी चारशे रुपये मिळवितो असे धरले, तर त्याला दिवसास दोनशे ऐंशी रुपये मिळतील. ९१ दिवसांचे पंचवीस हजार चारशे ऐंशी होतात. आरंभी आपण जी दोन नुकसाने सांगितली, त्या दोहोंवर ह्या विम्याचे छत्र आहे. हीच त्याची खरी थोरवी होय.

कायदा करणाऱ्यांनी मनुष्यस्वभावाचाही विचार केला होता. पूर्ण मजुरी न देता ७० टक्केच देणे, आणि १९४८ च्या कायद्याप्रमाणे आजाराच्या पहिल्या दोन दिवसांची भरपाई सामान्यतः न देणे, ह्यांमागे किरकोळ निमित्ताने सुट्टी घेण्याचा मोह पडू नये हा हेतू होता.

भार कोणावर पडतो?

‘मालक सव्वातीन टक्के देतो’ हे कायद्याचे वाक्य झाले. अर्थशास्त्राने त्याच्या पुढे पाहावयास हवे. मालकाने आपला वाटा कामगाराच्या वेतनातून कापू नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. पण मालक तो पैसा आणणार कोठून? मार्ग तीनच आहेत: नफा कमी घेणे, मालाची किंमत वाढविणे, किंवा पुढची वेतनवाढ थोडी कमी देणे. मालाला बाजारात स्पर्धा नसेल तर भार गिऱ्हाइकावर जातो. स्पर्धा तीव्र असेल आणि काम मागणारे हात फार असतील, तर कालांतराने त्यातील बराच भाग मजुरीवरच येऊन बसतो. म्हणजे वेतनाच्या चिठ्ठीवर ज्याचे नाव लिहिले आहे, तोच अखेर भार वाहतो असे समजून चालता येत नाही.

योजनेच्या आरंभीच ह्या प्रश्नाने डोके वर काढले होते. कानपूर आणि दिल्ली येथेच योजना सुरू करावयाची म्हटल्यावर तेथील कारखानदारांनी विचारले, की आम्ही वर्गणी भरून माल महाग करावयाचा आणि दुसऱ्या गावच्या कारखान्यांनी ती न भरता आमच्याशी स्पर्धा करावयाची, हा कोणता न्याय? ह्या तक्रारीत तथ्य होते. म्हणून १९५१ साली कायद्यात दुरुस्ती करून सर्व देशातील कारखान्यांवर विशेष वर्गणी बसविण्यात आली. योजना लागू झाली असेल तेथे दर अधिक आणि अन्यत्र कमी. एका गावातील वर्गणी दुसऱ्या गावातील व्यापारावर कसा परिणाम करते, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

आणखी एक परिणाम सीमारेषांचा. दहा किंवा अधिक माणसे असली तरच कायदा लागू होतो. तेव्हा नऊ माणसांवर थांबण्याचा किंवा दहाव्याला वहीत न दाखविण्याचा मोह लहान मालकाला होतो. १ जानेवारी २०१७ पासून वेतनाची मर्यादा एकवीस हजार रुपये ठरली; ती ओलांडणाऱ्याच्या हाती वेतनवाढ येते, पण चालू सहामाही संपली की विम्याचे छत्र जाते. जेथे रेषा आखली जाते तेथे तिच्या दोन्ही अंगांना माणसे अडखळतात, हा सर्वच कायद्यांचा अनुभव आहे.

पण भार मोजताना लाभही मोजला पाहिजे. वेळेवर औषध मिळालेला कामगार लवकर कामावर येतो. सावकाराकडे न गेलेले घर मुलाची शाळा सोडवीत नाही. हे लाभ मालकाच्या जमाखर्चाच्या वहीत दिसत नाहीत. समाजाच्या वहीत मात्र ते लिहिले जातात.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब

आता ही सर्व चर्चा आपण आपल्या घराजवळ आणू. ११ ऑक्टोबर २०१६ पूर्वीचा अखंड आदिलाबाद जिल्हा डोळ्यांपुढे घ्यावा. म्हणजे आजचे आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद हे चार जिल्हे. ह्या भूभागात कष्टकऱ्यांचे मुख्य वर्ग कोणते?

पूर्वेला बेल्लमपल्ली, मंदमर्री, रामकृष्णापूर, श्रीरामपूर ह्या बाजूस सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आहेत. खाणींचा समावेश राज्य कामगार विम्यात नाही. परंतु तेथील कायम कामगारांसाठी कंपनीची स्वतःची रुग्णालये आहेत. येथे वर्गणी कापली न जाता कोळशाच्या खर्चातच आरोग्याचा खर्च मिळविला जातो.

सिरपूर-कागजनगर येथे १९३८ साली स्थापन झालेली कागदाची गिरणी आहे. ती बारमाही चालणारी आणि हजेरीपट ठेवणारी. म्हणजे आडारकरांच्या आराखड्यात नेमकी बसणारी. त्या गावात राज्य कामगार विम्याचे रुग्णालयही झाले. परंतु २०१४ साली ती गिरणी बंद पडली आणि २०१८ साली नव्या व्यवस्थापनाखाली पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांनी वर्गणीच्या पद्धतीची एक मर्यादा उघडी केली. वर्गणी वेतनाला बांधलेली असते. वेतन थांबले की वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की काही महिन्यांनी आजारभत्त्याचा हक्कही आटतो. ज्या काळात घराला आधाराची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच काळात तो सुटू लागतो. कारखाना कायमचा बंद झाल्यास विमाधारकांना काही काळ भत्ता व उपचार मिळावेत अशी तरतूद १ एप्रिल २००५ पासून करण्यात आली. तथापि तिला मुदत आहे आणि अटीही आहेत.

राहिला आपल्या पश्चिम भागाचा आधार, म्हणजे कापूस. आदिलाबादच्या बाजारात दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या येऊ लागतात आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने सुरू होतात. सरकी निराळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि उन्हाळा तापू लागला की यंत्रे थांबतात. ह्या कारखान्यांत दहापेक्षा अधिक माणसे असतात, वीज असते, यंत्र असते, मालक असतो, हजेरीही असते. तरीही कायद्याच्या व्याख्येत ते ‘हंगामी कारखाने’ ठरतात. हंगामी कारखान्यांच्या यादीत रुई काढणे आणि गाठी बांधणे ही कामे १९४८ च्या कायद्याखाली नावानिशी होती, आणि नव्या संहितेतही हंगामी कारखाना वगळलेलाच आहे. म्हणून उभा हिवाळा रुईच्या तंतूंनी भरलेल्या हवेत श्वास घेणारा जिनिंगचा मजूर राज्य कामगार विम्याच्या बाहेर आहे. शेतमजूर तर बाहेरच आहे.

ह्या मजुराला काहीच मिळत नाही, असे नव्हे. मोठी शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील उपचार लागले तर आरोग्यश्री आहे, आणि आदिलाबाद शहरात २००८ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. पण आपली दोन नुकसाने आठवा. आरोग्यश्री पहिले नुकसान भरून काढते, आणि तेही मुख्यतः रुग्णालयात दाखल व्हावे लागेल तेव्हा. घरी पडून काढलेल्या दहा दिवसांच्या तापाची बुडालेली मजुरी ती देत नाही. ती मजुरी भरून देणारी योजना वर्गणीची आहे, आणि वर्गणीच्या दाराशी ‘हंगामी’ हा शब्द उभा आहे.

हंगामी माणसाची वर्गणी घेता येते काय?

हंगामी कामगाराला वगळण्यास कारणे होती. तो चार महिने भरील आणि बारा महिने मागेल. हंगाम संपला की तो कोठे गेला ह्याचा माग राहणार नाही. आणि कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरत असल्यामुळे जिनचा मालक वर्गणीचा बोजा रुईच्या किमतीवर टाकू शकणार नाही, तो शेतकऱ्याच्या भावातून किंवा मजुरीतून काढील. ही कारणे पोकळ नाहीत.

तथापि राज्य कामगार विम्याच्या स्वतःच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. त्या योजनेत वर्षाच्या दोन सहामाह्या मानल्या आहेत. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च ह्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली, म्हणजे त्यावरील आजारभत्त्याचा हक्क पुढच्या १ जुलै ते ३१ डिसेंबर ह्या काळात मिळतो. आता आपल्या हंगामाशी हे ताडून पाहा. जिन चालतात हिवाळ्यात. तापाची साथ येते पावसाळ्यात. वर्गणीचा काळ आणि जिनचा हंगाम एक. हक्काचा काळ आणि तापाचा हंगामही बहुतांशी एक! जणू आपल्या जिल्ह्याकडे पाहूनच ही सहामाही आखली असावी. पण आपल्या जिनिंगच्या मजुरालाच तिच्यात प्रवेश नाही.

उदाहरणादाखल रोज पाचशे रुपये मजुरी आणि हंगामाचे शंभर दिवस धरू. मजुरी झाली पन्नास हजार. तिच्यावर मजुराचा वाटा पाऊण टक्क्याने तीनशे पंचाहत्तर रुपये, मालकाचा सोळाशे पंचवीस. एकूण दोन हजार. तोच मजूर ऑगस्टमध्ये पंधरा दिवस अंथरुणाला खिळला, आणि पहिले दोन दिवस वगळले, तर तेरा दिवसांचे साडेतीनशेप्रमाणे चार हजार पाचशे पन्नास रुपये होतात. सर्वच मजूर पंधरा दिवस आजारी पडत नाहीत. म्हणून हिशेब जुळणे अशक्य नाही. शिवाय उपचारांचा खर्च आरोग्यश्रीसारख्या योजनेवर सोपविला, तर वर्गणीला केवळ बुडालेल्या मजुरीचा भार उचलावा लागेल. तरीही तूट आली तर ती सरकारने, म्हणजे आपण सर्वांनी, भरावी. कारण जिनमधून निघालेल्या रुईचे वस्त्र आपण सर्वच नेसतो.

हंगामाप्रमाणे वर्गणी घेणे ही कल्पना नवी नाही. आपल्या जिल्ह्यातून उत्तरेस वर्ध्याकडे गेले की सेवाग्राम लागते. तेथील कस्तुरबा रुग्णालयाच्या वतीने डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत एक आरोग्यविमा उभारला. वर्गणी रोख मागितली नाही. सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने मागितली. ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यावी, भूमिहीनाने थोडी द्यावी. गावातील बहुसंख्य घरे सामील झाली तरच त्या गावाला योजनेत घ्यावयाचे. म्हणजे केवळ आजारी माणसेच पुढे येण्याचा धोका टळला. वर्गणी ऐपतीप्रमाणे, तिची वेळ सुगीची आणि लाभ गरजेप्रमाणे, ही तीनही सूत्रे त्या ज्वारीच्या राशीत एकत्र आली होती.

समारोप

ह्या सर्व विवेचनातून निष्पन्न काय होते? वर्गणी किती टक्के असावी ह्यावर पुष्कळ वाद होतो आणि तो महत्त्वाचाही आहे. परंतु आमच्या मते त्याहून आधीचा प्रश्न असा, की वर्गणीची रचना मिळकतीच्या रचनेशी जुळते की नाही. मिळकत मासिक असेल तेथे मासिक वर्गणी शोभते. मिळकत हंगामी असेल तेथे वर्गणीही हंगामी हवी. आणि जेथे वर्गणी घेणे शक्यच नाही तेथे करांतून खर्च व्हावा, पण तो करताना औषधाबरोबर बुडालेल्या मजुरीचीही आठवण असावी. कायदा मासिक पगाराचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला, आणि आपला जिल्हा मात्र हंगामावर जगतो. ह्या विसंगतीमुळेच आपल्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला अर्धेच छत्र आले आहे.

विद्यार्थ्यांनी एक अभ्यास अवश्य करावा. आपल्या घरातील व शेजारच्या पाच घरांतील मिळवत्या माणसांची नोंद करावी: मजुरी रोजची, महिन्याची की हंगामाची? वेतनातून काही वर्गणी कापली जाते काय? गेल्या पावसाळ्यात आजारपणाचे किती दिवस गेले, औषधास किती खर्च आला, आणि मजुरी किती बुडाली? हे दोन आकडे निरनिराळ्या रकान्यांत मांडावेत. बहुतेक घरांत पहिल्या रकान्याचा आकडा लोकांना तोंडपाठ असतो, कारण तो पैसा हातातून जाताना दिसतो. दुसऱ्या रकान्याचा आकडा विचारून, बेरीज करून काढावा लागतो. असा तक्ता प्रत्येक वर्गाने तयार केला, तर आपल्या गावाला कोणत्या विम्याची गरज आहे, हे सांगण्यास बाहेरून कोणी तज्ज्ञ बोलाविण्याची आवश्यकता उरणार नाही.